अकरा मिनिटांचा इंटरव्ह्यू आणि चुकलेला आकडा

वाचकांचं पत्र:

‘मी २७ वर्षांची, बी.कॉम., राहायला कोपरखैरण्यात. वागळे इस्टेटमधल्या एका ट्रेडिंग फर्ममध्ये पाच वर्षं होत आली अकाउंट्स बघते. महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज केला होता. १९ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला फोनवर इंटरव्ह्यू ठरला. प्रत्यक्षात फोन आला सहाला दहा कमी असताना. मी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभी. ‘थांबा’ म्हणायचं धाडस झालं नाही. साहेबांनी धडाधड प्रश्न विचारले. टू-बीचं (जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीवरच्या कर-क्रेडिटच्या यादीचं) रिकन्सिलिएशन, म्हणजे ती आमच्या बिलांशी जुळवणं, सांगत होते, तर मध्येच ‘ओके ओके, नेक्स्ट’. पगार विचारला, मी हातात येतात ते तीस हजार सांगितले. अपेक्षा विचारली, तर ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ म्हटलं. लग्नाचंही विचारलं. अकरा मिनिटांत फोन बंद, ‘एचआर कळवेल’. चार दिवस झाले, काही नाही. माझं काय चुकलं? आता फोन करू का? आणि पुन्हा असं झालं तर?’

उत्तर:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी. (त्याच कारणाने हे उत्तर तुम्हाला मेलनेही धाडलं आहे.) फोन आता नको, आज मेल करा. आभाराच्या मेलबद्दल आम्ही बोलत नाही. तुम्ही पगाराचा आकडा चुकीचा दिला आहे आणि तो लेखी दुरुस्त करायचा आहे. तोडलेलं उत्तर, स्टेशनवरचा गोंगाट, हे सगळं पुढच्या फेरीत भरून काढता येईल. पगाराचा आकडा मात्र एकदा एचआरच्या शीटमध्ये बसला की तोच ऑफर लेटरपर्यंत चालत जातो.

हातात तीस हजार येत असतील तर सीटीसी, म्हणजे मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च, साधारण किती, ते मांडून बघू. महिन्याला ३५,००० रुपये सीटीसी धरा, त्यात बेसिक १७,५००. पीएफ १५,०००च्या मर्यादेवर कापत असतील तर मालकाचा हिस्सा १,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८४२. हे दोन वजा केले की ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, उरतो ३२,३५८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला (फेब्रुवारीत ३००) की हातात ३०,३५८. म्हणजे तुमच्या ‘तीस हजारां’च्या मागे वर्षाचे ४ लाख २० हजार उभे आहेत. साहेबांनी मात्र तीस गुणिले बारा केलं असणार, ३ लाख ६० हजार. त्यावर २५ टक्के वाढ धरली तर ऑफर होते साडेचार लाखांची. खऱ्या सीटीसीवर तीच वाढ सव्वापाच लाखांवर जाते. वर्षाला ७५,००० रुपयांचा फरक. आणि साडेचार लाखांची ऑफर तुम्ही आनंदाने घेतलीत तर प्रत्यक्षात वाढ मिळाली सात टक्के. तेवढी बसल्या जागी इन्क्रिमेंटलाही मिळाली असती.

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे काढा. छोट्या ट्रेडिंग फर्ममध्ये सीटीसीचं पत्र बहुधा दिलेलंच नसतं, नुसती पगाराची स्लिप असते. तिच्यावर ग्रॉस दिसेल. मालकाचा पीएफ बघायला ईपीएफओचं पासबुक उघडा. तिथे महिन्याच्या ओळीत तुमचे १,८०० आणि मालकाचे ५५० व १,२५० असे दोन तुकडे दिसतात. १,२५० पेन्शनमध्ये जातात, म्हणून वेगळे. दोन्ही मिळवून १,८००. दिवाळीचा बोनस आणि कंपनी मेडिक्लेमचा हप्ता भरत असेल तर तोही वर्षाच्या आकड्यात धरा. पदरचं काही वाढवू नका, स्लिपा मागितल्या जाणारच आहेत.

मेल इंग्रजीत लिहा, ज्या एचआरने वेळ कळवली होती त्यांना. मजकूर इतकाच: ‘१९ तारखेला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी फोनवर बोलणं झालं. तेव्हा मी सध्याचा पगार ३०,००० सांगितला, तो हातात येणारा होता. सध्याचं सीटीसी वार्षिक ४,२०,००० आहे आणि माझी अपेक्षा ५,२५,००० आहे. नोटीस ६० दिवसांची. मी कोपरखैरण्यात राहते, महाप्याला रोज येणं सोपं आहे. जीएसटीआर-टू-बी रिकन्सिलिएशनबद्दल सविस्तर बोलायचं राहिलं, पुढच्या फेरीत जरूर विचारा.’ विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि १९ तारीख घाला, म्हणजे शोधायला सोपं. गाडीच्या आवाजाबद्दल माफी, वेळेआधी आलेल्या फोनची तक्रार, यातलं काहीही लिहू नका. नोटीस आम्ही ६० धरली आहे, तुमच्या नेमणूकपत्रात असेल ती लिहा.

अपेक्षा सांगताना एकच आकडा द्यावा. ‘पाच ते साडेपाच’ म्हटलं की शीटमध्ये पाच लिहिलं जातं. आणि ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ हे उत्तर नम्र वाटत असलं तरी फोनवर बसलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. त्याला रकाना भरायचा असतो. तो मग स्वतःच्या मनाने भरतो.

आता पहिला प्रश्न, तुमचं काय चुकलं. फोनची तारीख बघा. १९. अकाउंट्समधल्या माणसाला यापुढे सांगायला नको, पण इंटरव्ह्यूच्या बाजूने आपण या कॅलेंडरकडे कधी बघत नाही. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १४ला टू-बी येते, १५ला पीएफ आणि ईएसआयसी, २०ला थ्री-बी (जीएसटी भरायचं रिटर्न). १९च्या संध्याकाळी कारखान्याच्या अकाउंट्स हेडच्या टेबलावर काय असणार? न जुळलेली बिलं, रेंगाळणारं पोर्टल आणि पेमेंटसाठी डायरेक्टरची सही. साडेसहाला आपण मोकळे नसू हे दिसल्यावर त्यांनी बहुधा सहाच्या आधीच हातावेगळं करून टाकलं. हे वागणं बरोबर होतं असं आम्ही म्हणत नाही. ठरलेली वेळ मोडायची तर आधी एक मेसेज टाकायला हवा होता. पण ती घाई तुमच्या उत्तरांमुळे आली नव्हती. ‘नेक्स्ट’ म्हणजे नापास, असं धरून चार दिवस झोप घालवू नका. यापुढे एचआर तारीख विचारेल तेव्हा २१ ते २७ मधली मागा. महिनाअखेर आणि पहिला आठवडा क्लोजिंगचा, त्यातही नको.

चुकलं ते उत्तराच्या मांडणीत. टू-बीचं तुम्ही काय सांगितलंत ते पत्रात नाही, पण मध्येच तोडलं म्हणजे बहुतेक जण करतात तेच झालं असावं: ‘आधी पोर्टलवर लॉगिन करायचं, मग टू-बी एक्सेलमध्ये डाउनलोड करायची, मग टॅलीतून परचेस रजिस्टर...’ हे सगळं ऐकणाऱ्याला पाठ आहे. तो थांबला आहे तुम्ही काय पकडता ते ऐकायला, आणि ते येतं चौथ्या मिनिटाला. घाईतल्या फोनवर पहिली वीस-पंचवीस सेकंदं तुमची, पुढची मिळतील न मिळतील. म्हणून उत्तर शेवटाकडून सुरू करा. असं:

‘महिन्याला साडेतीनशेच्या आसपास खरेदीची बिलं असतात. टू-बीत जी दिसत नाहीत, त्यांत मुख्य दोन प्रकार: पार्टीने जीएसटीआर-१मध्ये बिल टाकलेलंच नसतं, किंवा बिल नंबर अथवा जीएसटीआयएन चुकवलेला असतो. मी १४ ते १८मध्ये पार्टीवार यादी करून पाठपुरावा करते आणि क्रेडिट टू-बीत आल्यावरच घेते.’

आणि इथे गप्प बसा. हे खरोखर महत्त्वाचं आहे. फोनवर समोरचा दिसत नाही, दोन सेकंदांची शांतता लांब वाटते आणि आपण ती भरायला जातो. न भरता थांबलात की तो एकतर ‘ओके, नेक्स्ट’ म्हणेल (तोवर तुमचं उत्तर पूर्ण झालेलं आहे), नाहीतर आत शिरेल. शिरला तर कुठे शिरेल याचा अंदाज बांधता येतो. आयएमएस (पोर्टलवर पुरवठादाराची बिलं स्वीकारायची-नाकारायची सोय) वापरता का, आणि एखाद्या बिलावर काहीच कारवाई केली नाही तर काय होतं? (ते स्वीकारलं असं धरलं जातं.) गेल्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट कधीपर्यंत घेता येतं? (पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यांतलं जे आधी.) पार्टीला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर? (घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवायचं, पैसे दिल्यावर परत घेता येतं.) आणि कारखाना असल्यामुळे एमएसएमईतल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना पैसे देण्याच्या मुदतीचा विषय नक्की निघतो: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. ट्रेडिंगमधून मॅन्युफॅक्चरिंगमध्ये जाताना हा भाग कच्चा राहतो, तेवढा घोटवून ठेवा. जॉबवर्कचं (माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामाचं) चलन आणि त्याचा फॉर्म आयटीसी-०४ हेही एकदा डोळ्यांखालून घाला. वागळेतल्या तुमच्या फर्ममध्ये ते फारसं आलं नसेल, महाप्याच्या कारखान्यात ते नित्याचं असू शकतं.

साडेतीनशे हा आकडाही आम्ही नमुन्याला घेतला. तुमचा खरा टाका. बिलं किती, पार्ट्या किती, किती रुपयांचं क्रेडिट अडकतं, हे तुम्ही टॅलीतून काढू शकता. ‘मी जीएसटी बघते’ असं सगळेच म्हणतात. आकडा सांगणाऱ्याला सहसा तोडलं जात नाही, कारण ऐकणारा तो लिहून घेत असतो.

प्लॅटफॉर्मवर फोन घेतला, ही दुसरी चूक, आणि ती सर्वांत सहज टाळता येणारी होती. वेळेआधी आलेला फोन पुढे ढकलल्याने संधी जाते ही समजूत निराधार आहे. फक्त ‘आता जमणार नाही’ असं उघडं न म्हणता समोरच्याच्या हातात दोन पर्याय द्या: ‘सर, साडेसहाची वेळ होती म्हणून मी आत्ता ठाणे स्टेशनवर आहे, मागे घोषणा चालू आहेत. पंधरा मिनिटांत शांत जागी पोचून मीच फोन करू, की साडेसहालाच बोलू या?’ दोन्ही पर्यायांत तुमचा फायदा आहे आणि त्याला नकार ऐकू येत नाही. ‘नाही, आत्ताच दोन मिनिटं बोला’ असं आलं, तर मग बोला. पण आता त्याला गोंगाटाची कल्पना आहे, आणि तुम्ही ‘पुन्हा सांगा’ म्हटलं तर तुम्हाला विषय कळला नाही असं तो धरणार नाही.

त्या पंधरा मिनिटांत जायचं कुठे? दहा नंबर स्टेशनच्या पूर्व बाजूला आहे, तेव्हा पटकन कोपरीकडे बाहेर पडा आणि रिक्षा स्टँड मागे टाकून आतल्या गल्लीत शिरा. पश्चिमेला सॅटिसकडे (स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाकडे) जाऊ नका, तिथे बसच्या इंजिनांचा आणि कंडक्टरांचा आवाज प्लॅटफॉर्मपेक्षा वाईट. गाडी पकडून बोलत जाणं तर नकोच. नेटवर्क तुटतं हे एक, आणि लेडीज डब्यात शेजारच्या चौघींसमोर पगाराचा आकडा सांगताना कुणाचाही आवाज खाली येतो. कोपरखैरणे किंवा घणसोलीला पोचला असाल तर तिथल्या स्टेशनांच्या इमारती प्रशस्त आहेत, तिकीट खिडकीपासून लांबचा कोपरा चालतो.

गोंगाटात आणखी एक गोष्ट घडते, ती कळत नाही. फोन मागचा आवाज कापायला जातो आणि त्या नादात तुमच्या वाक्याचे पहिले-शेवटचे शब्दही खाऊ शकतो. तीन भाषांतली घोषणा चालू असताना तुम्ही ‘नाही, थ्री-बी मी भरत नाही’ म्हटलंत तर पलीकडे ‘थ्री-बी मी भर...’ एवढंच पोचू शकतं. तारेचा साधा इअरफोन असेल तर तो वापरा. त्याचा माइक तोंडाजवळ असतो. कानातल्या ब्लूटूथ बड्सचा माइक तोंडापासून लांब राहतो आणि वाऱ्यात आवाज नीट पोचत नाही. घरी बोलणार असाल आणि इमारतीत रेंज कमी असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग चालू करून आदल्या दिवशी एक कॉल करून बघा. अनोळखी नंबर आपोआप गप्प करायची सोय चालू असेल तर त्या आठवड्यापुरती बंद. एचआरचे फोन बहुधा साध्या मोबाइलवरून येतात, आणि दिवसाला शंभर फोन करणाऱ्या नंबरावर स्पॅमचा लाल शिक्का बसलेला असणं काही नवल नाही.

लग्नाचा प्रश्न. तो विचारायला नको होता, यात दुमत नाही. पण फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही, आणि खासगी माहिती पुरवायचीही गरज नाही. बहुतेक वेळा त्यामागे दोनच शंका असतात: महिनाअखेरीला थांबाल का, आणि वर्षभरात सोडून जाल का. उत्तर त्या शंकेला द्या: ‘क्लोजिंगला आठ-साडेआठपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, आणि घर जवळ असल्यामुळे ते जमतं.’ एवढं बोलून पुढच्या प्रश्नाची वाट बघा. त्यानंतरही तोच विषय लावून धरला तर त्या ऑफिसबद्दल तुम्हाला बरंच कळलं असं समजा.

या उत्तरात घराचा उल्लेख आला तो मुद्दाम. तुमच्या पत्रात आम्हाला सर्वांत खटकलं ते हे, की तुम्ही कोपरखैरण्यात राहता आणि जागा महाप्याला आहे, हे त्या अकरा मिनिटांत बोललंच गेलं नाही असं दिसतं. १९ तारखेला रात्री उशिरापर्यंत माणसं लागणाऱ्या खात्याला शेजारच्या भागातली उमेदवार आणि डोंबिवली-बदलापूरहून दोन गाड्या बदलून येणारी उमेदवार यांत फार फरक वाटतो. ‘स्वतःबद्दल सांगा’ला कॉलेज आणि गावापासून सुरुवात न करता साठ सेकंदांत चार गोष्टी सांगा: किती वर्षं, कोणत्या धंद्यात, स्वतःच्या हाताने काय करता (एंट्री, रिकन्सिलिएशन, रिटर्न, फायनलायझेशन यांतलं नेमकं कुठपर्यंत), आणि राहायला कुठे. इंग्रजीत साठ सेकंदांत सव्वाशेच्या आसपास शब्द बसतात. लिहून काढा, मोजा, मग कागद बाजूला ठेवून बोला.

कागद म्हणजे एकच ए-फोर पान, घडी करून पर्समध्ये राहील असं. वर सीटीसी, अपेक्षा, नोटीस. मधे कामाचे चार-पाच आकडे. खाली तुम्ही विचारायचे दोन प्रश्न. घाईत ‘एनी क्वेश्चन?’ला सगळे ‘नो सर’ म्हणतात आणि फोन बंद होतो. तुम्ही विचारा: ‘अकाउंट्समध्ये किती जण आहेत, आणि थ्री-बी ऑफिसमध्येच भरता की सीएकडून?’ अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. दोन माणसं आणि सगळं आतच, असं उत्तर आलं तर १९ तारखेचा तो फोन तसा का होता हे कळेल, आणि दर महिन्याच्या १९ला तुमचं काय होणार आहे तेही.

आता पाठपुराव्याचं. आज सोमवार, मेल दुपारच्या आत जाऊ द्या. उत्तर आलं नाही तर शुक्रवारी, २७ला, सकाळी अकरा ते साडेबाराच्या दरम्यान एचआरला एक फोन. अकाउंट्स हेडना थेट करू नका, त्यांचा नंबर तुमच्याकडे आलेला असला तरी. विचारायचं एवढंच: मेल मिळाला का, पुढची फेरी साधारण कधी. त्यानंतर गप्प राहा आणि दुसरीकडे अर्ज चालू ठेवा. व्हॉट्सॲपवर ‘एनी अपडेट सर?’ दर दोन दिवसांनी टाकल्याने कुणाला नोकरी लागलेली आम्ही पाहिली नाही. स्लिपा किंवा पॅन-आधार मागितलं तर ते कंपनीच्या स्वतःच्या डोमेनच्या मेलवरच पाठवा. आणि इतर कुठून असा दहा मिनिटांचा फोन होऊन लगेच ‘सिलेक्टेड’ सांगितलं आणि रजिस्ट्रेशन किंवा लॅपटॉप डिपॉझिटचे पैसे मागितले, तर ती नोकरी नव्हेच. पैसे गेलेच असतील तर शक्यतो तासाभरात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, फोन.

जाता जाता एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. ‘पाच वर्षं होत आली’ असं लिहिलंत. राजीनामा देण्याआधी नेमणुकीची तारीख काढून बघा. फर्ममध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील तर सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी लागू होते. बेसिक १७,५०० असेल तर १७,५०० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ५०,४८० रुपये. दोन-तीन महिने कमी पडत असतील तर नोटिशीचे ६० दिवस त्यातच मोजून शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे जाईल असं बघा, आणि एचआरने ‘लवकरात लवकर कधी येऊ शकाल?’ विचारलं की त्या हिशोबाने निघालेली तारीखच सांगा. नोटीस विकत घेऊन लवकर बोलवायची त्यांची तयारी असेल, तर आधी हे पन्नास हजार त्या बोलण्यात धरा.